साताऱ्यात दारूमुक्तीच्या पहिल्या मीटिंगला जाताना

दारू सोडायचे मनाशी ठरले की आमच्याकडे माणूस आधी औषधाची चौकशी करतो, मग देवाची, आणि सगळ्यात शेवटी आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसांची. हा क्रम उलटा असता तर माझी निदान चार वर्षे वाचली असती. सातारा शहरात किंवा जिल्ह्यातल्या गावांत राहणाऱ्या, स्वतः पिणाऱ्या किंवा घरात पिणारा माणूस असलेल्या वाचकाला मीटिंग कशी शोधावी, जाण्याआधी काय पाहावे आणि आत गेल्यावर काय घडते हे नीट कळावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे. मी स्वतः अशा मीटिंगला नियमित जातो. नाव देत नाही, कारण जाहीर लिखाणात नाव न देणे ही आमच्याकडची शिस्त आहे.

मीटिंग म्हणजे मुख्यतः अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच एए या फेलोशिपची बैठक. १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन या गावी, एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक असे दोन मद्यपी एकमेकांना भेटले. आपण स्वतः पिऊ नये यासाठी दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणाने बोलत राहणे उपयोगी पडते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि पुढची सगळी रचना, म्हणजे सभासदाने स्वतःत बदल घडवण्यासाठी क्रमाने चढायच्या बारा पायऱ्या आणि ग्रुप कसे चालवावेत हे सांगणाऱ्या बारा परंपरा, त्यातूनच उभी राहिली. सभासद होण्यासाठी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, ओळखपत्र नाही, हजेरीपट नाही. ‘नुसते बोलून कुठे दारू सुटते का’ असे मला पुष्कळांनी विचारले आहे. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्या पायऱ्यांवर आधारलेले उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, काही बाबतीत त्यांहून सरस ठरले. आपल्या देशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. उरलेले ३७ जण आपापल्या घरी, आपापल्या शपथा घेत आणि मोडत बसलेले असतात. मीही त्यांच्यातच होतो.

आधी डॉक्टर

एक गोष्ट मीटिंगच्याही आधीची आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. ज्याला सकाळी उठल्यावर हाताची थरथर थांबवण्यासाठी घ्यावी लागते, किंवा जो अनेक महिने रोज भरपूर पीत आला आहे, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, उलट्या आणि अस्वस्थता सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होऊ लागतात, वेळ-काळाचे भान सुटते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. अशा वेळी क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. किती पीत होतो आणि शेवटची कधी घेतली हे खरे सांगावे. फिट आली किंवा माणूस बरळू लागला तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. योग्य गोळ्यांनी आणि बी-१ जीवनसत्त्वाने हे दिवस सुरक्षितपणे पार पाडता येतात. मीटिंग हा त्यानंतरच्या सगळ्या वर्षांचा आधार आहे, त्या चार दिवसांचा नव्हे.

याच ठिकाणी घरच्यांना हात जोडून एक विनंती. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती स्टँडच्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर अजूनही दिसतात. जेवणातून नकळत देण्याच्या अशा पुड्यांमध्ये नेमके काय आहे हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम हे औषध डॉक्टर देतात, पण ते घेणाऱ्याला पूर्ण कल्पना देऊन, कारण ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जीवही जाऊ शकतो. नकळत काहीही देऊ नये.

पत्ता कसा काढावा

एए इंडियाच्या संकेतस्थळावर गावोगावच्या मीटिंगची माहिती आणि संपर्काचे क्रमांक मिळतात, तिथून सुरुवात करणे सोपे. ज्याला इंटरनेटवर शोधणे जमत नाही त्याने १४४४६ या व्यसनमुक्तीसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. तो विनाशुल्क आहे आणि तिथे समुपदेशनाबरोबरच जवळच्या केंद्राची माहिती विचारता येते. मन फार खचले असेल, जगणे नको असे विचार येत असतील, तर १४४१६ ही टेलिमानसची हेल्पलाइन आहे. साताऱ्यात तर आणखी एक जवळचे दार आहे: डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभे केलेले ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्तीचे काम याच शहरातले. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे आणि आपल्या भागातले पुष्कळ लोक तिथे उपचार घेऊन आलेले आहेत. ज्या केंद्रात उपचार घेतले तिथून बाहेर पडण्याआधीच आपल्या गावाजवळच्या मीटिंगचा किंवा फॉलोअपचा पत्ता लिहून घ्यावा, कारण केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार घसरडे असतात. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात समुपदेशकाला विचारले तर त्यांनाही बहुधा ठाऊक असते.

क्रमांक मिळाला की फोनवर काय विचारायचे ते आधी कागदावर लिहून ठेवावे, कारण ऐन वेळी घसा कोरडा पडतो. वार कोणता, वेळ कोणती, बोलणे मराठीत चालते का, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, इमारतीत शिरल्यावर कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या दाराने जायचे, आणि आपण येणार त्या दिवशी बाहेर कोणी थांबेल का. ओपन मीटिंगला घरचे लोक, विद्यार्थी, कोणीही येऊ शकतात. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. बाहेर थांबण्याबद्दल विचारायला संकोच वाटतो, पण पलीकडचा माणूस हा प्रश्न ऐकून कधीही हसत नाही, कारण तोही कधीतरी असाच कुणाचा तरी हात धरून आत आलेला असतो.

ज्या दिवशी जायचे त्याच दिवशी सकाळी पुन्हा एकदा फोन करावा, हे मी अनुभवावरून सांगतो. मीटिंगा बहुतेक वेळा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये किंवा एखाद्या संस्थेने देऊ केलेल्या खोलीत भरतात, आणि परीक्षा, गणेशोत्सव, निवडणूक यांपैकी काहीही आले की खोली बदलते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वर्गाला कुलूप होते. पावसाळ्याचे दिवस, छत्रीतून पाणी गळत होते, मी पाच मिनिटे त्या कुलपाकडे बघत उभा राहिलो, आणि खरे सांगायचे तर मला बरे वाटले. आपण प्रयत्न केला, त्यांनीच दार लावले, असे म्हणत मी थेट गुत्त्यावर गेलो. त्या दिवशी मीटिंग शेजारच्याच इमारतीत चालू होती. पुन्हा तिकडे वळायला मला सात महिने लागले.

खेड्यावरून येणाऱ्यांनी मीटिंगच्या वेळेइतकेच परतीच्या एसटीकडे लक्ष द्यावे. जावळी, पाटण किंवा माण भागातून येणाऱ्याची शेवटची गाडी चुकली तर मुक्कामाचा प्रश्न येतो, आणि मुक्कामाच्या रात्री एकट्या माणसाला स्टँडच्या आसपास काय आठवते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या बाजूचा कोणी सभासद आहे का, हे फोनवरच विचारून घ्यावे. दुचाकीवर मागे जागा पुष्कळदा मिळते.

ओळखीचे कोणी दिसले तर?

पत्ता मिळूनही माणूस जात नाही त्याचे कारण बहुतेक वेळा हे असते. मुंबईत गर्दीत विरघळून जाता येते. साताऱ्यात पोवई नाक्यावर दोन मिनिटे उभे राहिले तरी कुणीतरी ‘काय, इकडे कुठे?’ म्हणून विचारते, आणि तो प्रश्न दारूमुक्तीच्या मीटिंगच्या दारात कुणी विचारला तर काय उत्तर द्यायचे या विचारानेच पाय जड होतात. मी याची तयारी म्हणून एक खोटे उत्तरही पाठ केले होते.

जी भीती होती तेच झाले. आत शिरलो तर समोर माझ्या मुलाला शिकवलेले एक सर बसलेले. मी दारातच थबकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली आपली कापडी पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि खुर्ची जराशी माझ्या बाजूला सरकवली. एक शब्द बोलले नाहीत. हे इथे लिहिण्याची परवानगी मी त्यांच्याकडून घेतली आहे. तिथे जो कोणी ओळखीचा दिसेल तो त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि आपले गुपित त्याच्याकडे असेल तर त्याचेही आपल्याकडे असते. शिवाय इथे दिसलेला चेहरा आणि ऐकलेली गोष्ट इथेच ठेवून जायची, हा नियम सगळे मनापासून पाळतात. राहिला गावाचा प्रश्न. गावाने मला राजवाड्याजवळच्या कट्ट्यावर भरदुपारी आडवा पडलेला पाहिले होते, बायकोने रिक्षातून नेताना पाहिले होते. मी पितो हे ज्यांना ठाऊक नव्हते अशा लोकांची यादी करायला बसलो असतो तर ती पोस्टकार्डावर मावली असती.

तरीही कुणाला हे धैर्य होतच नसेल तर त्याने पहिली मीटिंग दुसऱ्या गावी करावी. कराड ५० किलोमीटरवर आहे, पुणे ११० किलोमीटरच्या आसपास; तिथल्या मीटिंगची चौकशी फोनवरूनच करता येते. ऑनलाइन मीटिंगा मराठीतही होतात, कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकत बसता येते, आणि स्त्रियांना तर हा मार्ग फार सोयीचा पडतो, कारण मोफसल भागातल्या मीटिंगमध्ये बहुतेक वेळा पुरुषच जास्त असतात. पिणारी स्त्री आपल्या समाजात दुप्पट लपून राहते. स्त्रियांसाठी वेगळी ऑनलाइन मीटिंग आहे का, किंवा जुन्या महिला सभासदाशी फोनवर बोलता येईल का, हे तिने निःसंकोच विचारावे. मात्र ज्याला शक्य आहे त्याने महिन्याभरात जवळच्या मीटिंगला जाऊ लागावे, असे माझे मत आहे. रात्री साडेनऊला पाय गुत्त्याकडे वळू लागतात तेव्हा दहा मिनिटांत येऊन पोहोचणारा माणूस आपल्याच गावात लागतो.

आत गेल्यावर

वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. उशिरा गेले की सगळ्यांच्या माना वळतात असे उगाच वाटते. शक्य तर न पिता जावे. पिऊन गेल्यास बहुधा कुणी हाकलत नाही, पण त्या दिवशी बोलू नये, ऐकावे.

मला त्या दिवशी सर्वांत आधी आठवतो तो चहा. थर्मासजवळ उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या हातात कप दिला तो अर्धाच भरलेला होता. मला वाटले, चहा संपत आला असेल. दुसऱ्यांना मात्र ते काठोकाठ भरून देत होते. कप तोंडाकडे नेताना माझ्या हाताची थरथर एवढी होती की पूर्ण भरलेला असता तर शर्टवर सांडला असता, आणि मग मला ते अर्धा भरण्याचे कारण कळले. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले होते, माझ्या लक्षात येऊ न देता.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला क्षणभर शांतता पाळतात, अजूनही पीत असलेल्यांची आठवण म्हणून. मग त्या दिवशी सूत्रे सांभाळणारा सभासद, ज्याला चेअरपर्सन म्हणतात, एए म्हणजे काय हे थोडक्यात वाचून दाखवतो, आणि एकेक जण शेअरिंग करतो: आपण कसे पीत होतो, काय झाले, आणि आता कसे आहोत. बोलणारा ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणून सुरुवात करतो. हे ऐकताना पहिल्यांदा अंगावर काटा येतो, कारण बाहेर हा शब्द शिवीसारखा वापरलेला आपण ऐकलेला असतो. बोलणाऱ्याला मध्ये कुणी अडवत नाही, सल्ला देत नाही, न्यायनिवाडा करत नाही. नव्या माणसाला ‘काही बोलणार का?’ असे विचारतात, तेव्हा ‘आज फक्त ऐकतो’ एवढे म्हटले तरी पुरते. नाव सांगितलेच पाहिजे असेही नाही. शेवटी खोलीचे भाडे आणि चहासाठी डबा फिरतो, त्यात सभासद यथाशक्ती पैसे टाकतात. पहिल्यांदा आलेल्याने टाकले नाहीत तरी चालते. बाहेरच्या देणग्या एए घेत नाही, ही त्यांची सातवी परंपरा. फोटो काढू नये, आवाज टिपून घेऊ नये, फोन बंद ठेवावा.

देवाचा प्रश्न इथे येतोच. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे आणि मीटिंगच्या शेवटी प्रार्थना म्हणतात: जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येते ते बदलण्याचे धैर्य आणि दोहोंतला फरक कळण्याची समज मागणारी. दाभोलकरांच्या गावात ‘हे काय भजनी मंडळ आहे का?’ असे विचारणारा निघणारच, आणि तो प्रश्न रास्त आहे. ईश्वर म्हणजे ज्याला जसा समजला तसा, अशी एएची भूमिका आहे. काही जण त्या जागी मीटिंगमधल्या माणसांनाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात आणि तेवढ्यावर वर्षानुवर्षे टिकून आहेत. दुसऱ्या बाजूने, ज्यांनी पंढरीची माळ घालून दारू सोडली आहे त्यांनी ती काढायचे काही कारण नाही. माळ गळ्यात ठेवूनच मीटिंगला यावे. आमच्यात तसे बरेच आहेत.

घरच्यांसाठी

पिणाऱ्या माणसाच्या पत्नीला, आईवडिलांना, मोठ्या मुलांना स्वतःच्या मीटिंगा आहेत, त्यांना अल-अनॉन म्हणतात. १९५१ पासून ही वेगळी फेलोशिप आहे. पिणारा मीटिंगला जात नसला तरी घरच्यांनी जावे, हे मी जोर देऊन सांगतो. माझ्या पत्नीने माझ्याआधी जवळजवळ वर्षभर फोनवरून अल-अनॉनशी संपर्क ठेवला होता. बाटल्या शोधून मोरीत ओतणे, कामावर ‘यांना ताप आहे’ म्हणून कळवणे, माझी उधारी भागवणे हे तिने एकेक करून थांबवले, आणि मला पहिल्यांदा माझ्या दारूची किंमत स्वतः मोजावी लागली. त्या वेळी मला ती निर्दय वाटली होती. घरात मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट न पाहता आधी सुरक्षित जागी जावे आणि ११२ वर फोन करावा.

पहिल्या मीटिंगनंतर

पहिली मीटिंग आवडली नाही म्हणून निर्णय करू नये. निदान सहा मीटिंगा, जमल्यास दोन वेगवेगळ्या ग्रुपच्या, करून मग ठरवावे. सुरुवातीच्या ९० दिवसांत ९० मीटिंगा कराव्यात असे जुने सभासद सांगतात. जिल्ह्याच्या गावी रोज मीटिंग मिळणे अवघड, म्हणून प्रत्यक्ष मीटिंग आणि ऑनलाइन मीटिंग यांची सांगड घालावी लागते. निघण्यापूर्वी निदान दोघांचे फोन नंबर घ्यावेत आणि त्याच रात्री त्यांतल्या एकाला फोन करावा, काही अडचण नसतानाही, म्हणजे अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा फोन करायचा संकोच राहत नाही. पुढे त्यांतलाच कोणी, ज्याचे बोलणे पटते आणि जो काही वर्षे सोबर, म्हणजे दारूपासून दूर आहे असा, आपला स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांची वाट दाखवणारा जुना सभासद, होऊ शकतो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा जपायला सांगतात. ऊसतोडीच्या हंगामातल्या पगाराच्या दिवशी, गावच्या जत्रेत किंवा एकतीस डिसेंबरला यांतल्या तीन तरी एकदम अंगावर येतात, म्हणून त्या संध्याकाळचा बेत आठवडाभर आधी मीटिंगमध्ये बोलून ठेवावा.

श्रावणाबद्दल वेगळे सांगायला हवे. मी सलग अकरा वर्षे श्रावण पाळला. गटारीला मनसोक्त पिऊन पुढे महिनाभर थेंबाला शिवत नसे, त्यामुळे ‘मनात आणले तर मी कधीही सोडू शकतो’ हे मी बायकोला आणि डॉक्टरांना पुराव्यानिशी सांगत असे. त्या महिन्यात आज कोणती तिथी आणि अमावास्येला किती दिवस उरले हे मला कॅलेंडर न बघता सांगता येत असे, एवढी गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. ती पहिल्यांदा मीटिंगमध्ये सांगितली तेव्हा समोरच्या खुर्च्यांवरचे चार-पाच जण एकदम मान हलवू लागले.

आणि मध्येच पिणे झाले, ज्याला आम्ही स्लिप म्हणतो, तर पुढच्या मीटिंगचा वार बदलत नाही. पुष्कळ जण लाजेने तिथेच थांबतात आणि परत दिसायला वर्ष-दोन वर्षे लावतात. लाज वाटत असतानाच यावे, मागच्या खुर्चीवर बसावे, जमले तर ‘मंगळवारी घेतली’ एवढे सांगावे. सलग रोज घेणे पुन्हा सुरू झाले असेल तर वर सांगितल्याप्रमाणे आधी डॉक्टरांना भेटावे. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे असतात, पण आधीच्या महिन्यांत जोडलेली माणसे आणि त्यांचे नंबर फोनमध्ये तसेच असतात.